काहीच न करणारा फिल्टर

गेल्या वर्षी मी एक फिल्टर उडवला. चांगला चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला फिल्टर. आमच्या ॲपमध्ये बोलणाऱ्याचा आवाज तीन पट्ट्यांत तोडायचा, प्रत्येक पट्टा वेगवेगळा दाबायचा आणि मग तिन्ही परत जोडायचे, असा एक भाग होता. पट्टे तुटायचे ३०० आणि ६०० हर्ट्झला. (हेच आकडे का, ते विचारू नका. माझ्या आधीच्या माणसाने कानाने ठरवले होते आणि तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता.) खालच्या पट्ट्याच्या वाटेत एक जास्तीचा फिल्टर बसवलेला. नाव ऑल-पास. मी त्याचा मॅग्निट्यूड रिस्पॉन्स काढून पाहिला. सरळ रेघ. २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत शून्य डीबी. म्हणजे आत जातं तेच बाहेर येतं, आणि वर फोनची बॅटरी फुकट जाते. काढून टाकला. रिव्ह्यूमध्ये दोघांनी "छान, साफसफाई!" असं लिहिलं. टेस्ट सगळ्या हिरव्यागार.

पंधरा दिवसांनी तक्रारी सुरू झाल्या. आवाज पातळ वाटतो. आवाजात दम नाही. आम्ही आधी मायक्रोफोनला शिव्या घातल्या, मग नेटवर्कला, मग (सवयीप्रमाणे) वापरणाऱ्यांना. शेवटी एकदा तिन्ही पट्टे जोडून बाहेर काय येतंय ते आलेखावर पाहिलं. ३६० हर्ट्झच्या आसपास साडेतीन डीबीचा खड्डा! खालचा पट्टा जागेवर, मधला जागेवर, वरचा जागेवर. एकेकटे तपासले तर सगळे निर्दोष. जोडले की खड्डा.

चूक माझी, त्यात वाद नाही. पण ती मी एकट्याने केली नाही. ती चूक करायला मला चार वर्षं फी भरून शिकवलं गेलं होतं, आणि आज मला भांडायचंय ते त्या शिकवणीशी. आणि जाता जाता तिच्या बरोब्बर उलट्या टोकाला बसलेल्या सोवळ्या मंडळींशीसुद्धा.

आधी ऑल-पास म्हणजे काय ते दोन मिनिटांत. साधा फिल्टर काही फ्रिक्वेन्सी अडवतो, काही सोडतो. ऑल-पास सगळ्यांना सोडतो, सारख्याच ताकदीने, पण प्रत्येकीला थोडं वेगळं थांबवून. डिजिटलमध्ये करायचा तर अंशातले सहगुणक उलट्या क्रमाने छेदात मांडायचे, झालं. सर्किटमध्ये करायचा तर एक ऑप-ॲम्प, तीन रेझिस्टर, एक कपॅसिटर. पहिल्या दर्जाचा ऑल-पास फेज शून्यापासून १८० अंशांपर्यंत वळवतो आणि त्याच्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीला बरोबर ९० अंश. कुणाचा आवाज कमी नाही, कुणाचा जास्त नाही.

ढोल-ताशा पथकात वाजवलं असेल तर हे लगेच कळेल. मॅग्निट्यूड म्हणजे हजेरीपट: किती ढोल आले आणि किती जोरात वाजवतायत. फेज म्हणजे टिपरू कधी पडतं ते. एकटाच ढोल अर्धा ठोका उशिरा वाजला तर रस्त्यावरच्या कुणालाही कळणार नाही, कारण तुलना करायला दुसरं काही नाहीच. तोच ढोल चाळीस जणांत अर्धा ठोका उशिरा वाजला की पथकप्रमुख मागे वळून बघतो. हजेरीपट तेव्हाही पूर्णच असतो.

माझ्या कॉलेजात (नाव कशाला, कुठलंही घ्या) डीएसपीच्या पेपरात ऑल-पासचा एक ठरलेला प्रश्न यायचा: मॅग्निट्यूड एक आहे असं सिद्ध करा. चार मार्क. वरच्याला खालच्याने भागायचं, कॉन्ज्युगेट, संपलं. प्रॅक्टिकलला मॅटलॅबमध्ये आलेख काढायचा, त्यावर सरळ रेघ दिसली की जर्नलवर सही. फेजचा आलेखही खाली निघायचा, पण त्याबद्दल कुणी काही विचारायचं नाही, म्हणून आम्हीही बघायचो नाही. संबंध सेमिस्टरमध्ये त्या लॅबमध्ये एकदाही कुणी स्पीकर लावला नाही. आवाजाच्या शास्त्राचा अख्खा विषय आम्ही मुक्याने शिकलो! मग अशा पोराने नोकरीला लागल्यावर सरळ रेघ बघून फिल्टर उडवला तर नवल काय?

कुणी म्हणेल, कॉलेजचं सोड, पण फेज कानाला कळत नाही हे तर जुनंच शास्त्र आहे. खरंय, जुनं आहे. गेऑर्ग ओमने (हो, तोच, रेझिस्टन्सवाला) १८४३ साली मांडलं की कान आवाजाचे साधे स्वर सुटे करून ऐकतो. हेल्महोल्ट्झने १८६३च्या ग्रंथात त्यावर शिक्कामोर्तब केलं: आवाजाचा पोत कुठला स्वर किती, यावर ठरतो, त्यांच्या फेजवर नाही. एकाच आवाजापुरतं बोलायचं तर म्हातारा बराचसा बरोबर होता. पण हे वाक्य पुस्तकातून पुस्तकात उतरताना त्याच्या कडा झिजत गेल्या आणि शेवटी उरलं ते "फेज महत्त्वाचा नाही". यातला "एकाच आवाजापुरतं" हा भाग कुठल्या पानावर गळून पडला ते कुणी शोधलं नाही.

आता सरळ रेघेवर माझा पहिला पुरावा. बेल लॅब्समध्ये मान्फ्रेड श्रोडर नावाचा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ होता. सभागृहात आवाज घुमतो तसा घुमार कृत्रिमपणे कसा करायचा, हा त्याचा प्रश्न. सोपा उपाय म्हणजे आवाज थोडा थांबवून, थोडा कमी करून परत स्वतःतच मिसळायचा, पुन्हा पुन्हा. पण असं केलं की ठरावीक अंतरावरच्या फ्रिक्वेन्सी उचलल्या जातात, आलेख कंगव्यासारखा दिसतो आणि आवाज पत्र्याच्या पिंपातून आल्यासारखा होतो. १९६१ साली श्रोडर आणि बेंजामिन लोगन यांनी यावर काढलेला तोडगा मला अजूनही थक्क करतो. मूळ आवाजाचा ठरावीक हिस्सा उलट्या चिन्हाने बाहेरच्या आवाजात मिसळा. कंगव्याचे दात भरून निघतात, आलेख सपाट होतो, आणि प्रतिध्वनी मात्र तसेच राहतात. म्हणजेच ऑल-पास. असे दोन, मागोमाग जोडून, चार कंगव्यांच्या पुढे लावायचे, ही १९६२ची त्याची रचना. ऑल-पासचं काम गर्दी करण्याचं. एका प्रतिध्वनीचे अनेक, त्या प्रत्येकाचे पुन्हा अनेक. श्रोडरच्या अंदाजाने सेकंदाला हजारभर प्रतिध्वनी झाले की कानाला ते सुटे न वाटता खोलीसारखे वाटतात.

हे घरी करून बघा. विलंब १०० मिलिसेकंद ठेवा, गुणक ०.७. एक टिचकी आत सोडा. बाहेर काय येतं? उणे ०.७, मग ०.५१, मग ०.३५७, मग ०.२५, दर १०० मिलिसेकंदांनी. टक-टक-टक-टक. लहान मुलालाही ऐकू येईल असा प्रतिध्वनी! आता याचाच मॅग्निट्यूड काढा. सरळ रेघ, शून्य डीबी, एक कणभरही इकडेतिकडे नाही. ही तीच रेघ, जिच्या जोरावर मी "काहीच करत नाही" असं ठरवलं होतं. रेघ खोटं बोलत नाही, पण ती सगळा काळ एकत्र करून हिशोब देते. आपला कान आत्ताचे काही मिलिसेकंद ऐकतो. महिन्याअखेरची शिल्लक बरोबर आहे म्हणून पंधरा तारखेला खिशात पैसे होते असं सिद्ध होत नाही, तसं.

(जाता जाता एक गंमत. फ्रीव्हर्ब नावाचा घुमाराचा फुकट कोड जगभरच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरलेला आहे. त्यात आठ कंगवे आणि चार ऑल-पास आहेत, विलंब ५५६, ४४१, ३४१ आणि २२५ सॅम्पल. तर त्यातले ऑल-पास खरे ऑल-पास नाहीतच! ज्या पद्धतीने ते लिहिलेत, त्यात गुणक ०.६१८ असता तर झाले असते. कोडमध्ये ०.५ आहे. कानांनी चालवून घेतलं आणि लोक वापरत राहिले. रेघेपेक्षा कान मोठा, याला आणखी काय पाहिजे?)

दुसरा पुरावा गिटारवाल्यांकडून. जपानच्या शिन-एई कंपनीने १९६०च्या दशकाच्या शेवटी युनि-व्हाइब नावाची पेटी काढली, फुमिओ मिएदा या इंजिनीअरने रचलेली. आत एक छोटा दिवा मंद-तेज होत राहतो आणि त्याच्याभोवती उजेडाने बदलणारे चार रेझिस्टर. चार ऑल-पास टप्पे, दिव्याच्या तालावर सरकणारे. जिमी हेंड्रिक्सने १९६९ साली वुडस्टॉकला हीच पेटी वापरली. नंतर १९७४ला एमएक्सआरचा नारिंगी फेज ९० आला, त्यातही चारच टप्पे. मूळ आवाज आणि चार ऑल-पासमधून फिरून आलेला आवाज निम्मे-निम्मे मिसळायचे. जिथे दोघांत १८० किंवा ५४० अंशांचा फरक पडतो तिथे ते एकमेकांना खातात आणि आलेखात दोन खोल खाचा पडतात. टप्पे सरकवत राहिलं की खाचा सरकतात, आणि विमान डोक्यावरून गेल्यासारखा तो फिरता आवाज येतो.

युनि-व्हाइबला एक बटण होतं: एका बाजूला कोरस, दुसऱ्या बाजूला व्हायब्रेटो. व्हायब्रेटोला टाकलं की मूळ आवाज बंद, फक्त ऑल-पासमधला आवाज बाहेर. चारही टप्पे तेच, दिवा तोच, फेज तेवढाच फिरतोय. पण तो फिरता आवाज गायब! उरते फक्त सुराची हलकी थरथर, आणि दिवा स्थिर केला तर तीही नाही. माझं सगळं म्हणणं या एका बटणात आहे. फेज एकट्याने असेल तर हेल्महोल्ट्झ बरोबर. त्याला भेटायला दुसरा आवाज आला की हेल्महोल्ट्झचा काही संबंध उरत नाही.

आणि दुसरा आवाज कुठे नसतो? घरच्या सबवूफरच्या मागे शून्य ते १८० लिहिलेलं एक फेजचं बटण असतं ना, ज्याला बसवणाऱ्या पोराने हात लावलेला नसतो, ते बहुतेक वेळा एक साधा ऑल-पासच असतो. ते फिरवून सबवूफर आणि पुढचे स्पीकर यांचं जिथे जुळतं तिथे ठेवायचं. नाही जुळलं तर दोन्ही जोरजोरात वाजतात आणि मध्ये बेस नाही. मग माणूस आणखी मोठा सबवूफर विकत घेतो. आणखी जोरात वाजवतो. (मिरवणुकीतल्या भिंतींबद्दल मी काही बोलत नाही.)

१९७६ साली सीगफ्रीड लिंकविट्झने मांडलेला क्रॉसओव्हर आज गावोगावच्या साउंड सिस्टीममध्ये आहे. लिंकविट्झ आणि रस रायली हे दोघेही एचपीचे इंजिनीअर. खालचा आणि वरचा भाग तुटतात तिथे दोन्ही सहा-सहा डीबी खाली, पण एकाच फेजमध्ये, त्यामुळे जोडले की मॅग्निट्यूड पुन्हा सपाट. पण जोडून जे येतं ते मूळ आवाजाचं हुबेहूब रूप नसतं, ते मूळ आवाजावरचं ऑल-पास असतं. दोनच भाग असले तर याने काही बिघडत नाही. तीन भाग केले की बिघडतं, कारण मधल्या आणि वरच्या भागाला दुसऱ्या कापाचा ऑल-पास आपोआप लागतो आणि सगळ्यात खालच्याला तो कापच लागत नाही. म्हणून खालच्याला मुद्दाम, हाताने, तेवढाच ऑल-पास लावून बाकीच्यांच्या पंगतीत बसवावं लागतं. तोच मी उडवला होता. माझ्या ३०० आणि ६०० मध्ये फक्त एका सप्तकाचं अंतर, म्हणून ३०० हर्ट्झला फरक ८७ अंशांचा आणि खड्डा साडेतीन डीबीचा. काप एकमेकांपासून दहापट लांब असते तर खड्डा एक दशांश डीबीच्या आसपासच राहिला असता आणि मी आजही स्वतःला हुशार समजत असतो.

सुराचं राहिलंच. तारेचा आवाज कोडने करायचा झाला तर तारेच्या लांबीऐवजी विलंब वापरतात, आणि विलंब पूर्ण सॅम्पलमध्येच मोजता येतो. ४४,१०० च्या सॅम्पलिंगला पांढरी सहाचा ८८० हर्ट्झचा स्वर हवा असेल तर एकतर ८७३ मिळतो नाहीतर ८९१. दोघांत ३५ सेंटचं अंतर, म्हणजे सेमीटोनच्या एक तृतीयांशाहून जास्त. कुठलीही गाणारी मावशी कानावर हात ठेवेल. १९८३ साली डेव्हिड जाफी आणि ज्युलियस स्मिथ यांनी त्या फिरत्या वाटेत एक पहिल्या दर्जाचा ऑल-पास टाकला, सॅम्पलच्या अपूर्णांकाएवढा विलंब देण्यासाठी. दुसरा कुठलाही फिल्टर तिथे टाकला असता तर प्रत्येक फेरीला तार थोडी थोडी मेली असती. "काहीच करत नाही" हाच इथे त्याचा गुण!

आता सोवळी मंडळी. ही कॉलेजच्या उलट. यांना फेज इतका पवित्र की कुठल्याही फिल्टरने त्याला हात लावला की विटाळ. म्हणून प्रत्येक ठिकाणी लिनिअर-फेज इक्वलायझर पाहिजे, त्यासाठी महागडं प्लग-इन पाहिजे, आणि ते विकणाऱ्यांच्या जाहिरातीत "पारदर्शक" हा शब्द किमान तीनदा पाहिजे. बरं, लिनिअर-फेज काय करतो? फेज वाकवत नाही, सगळ्याच आवाजाला सारखं थांबवतो. त्यासाठी त्याचा प्रतिसाद मधोमध आरशात बघितल्यासारखा लागतो. म्हणजे जी कंपनं एरवी ठोक्यानंतर विरली असती, त्यातली निम्मी ठोक्याच्या आधी येतात. तबल्यावर थाप पडायच्या आत तिची चाहूल! नंतर येणारी कंपनं थापेच्या आवाजाखाली झाकली जातात, आधी आलेली फारशी झाकली जात नाहीत. निसर्गात कुठलीही वस्तू वाजवण्याआधी वाजत नाही, आणि हे म्हणतात पारदर्शक. शिवाय ४०९७ टॅपचा असा फिल्टर आवाजाला २०४८ सॅम्पल थांबवतो, म्हणजे ४६ मिलिसेकंद. हेडफोन लावून गाणाऱ्याला तबलजी सोळा मीटर लांब जाऊन बसल्यासारखं.

आणि एवढं करून वाचवलं काय? ब्लाउअर्ट आणि लॉज यांनी १९७८ साली मोजलं होतं की एका आवाजातले तुकडे किती मागेपुढे झाले की कानाला कळतं. २ किलोहर्ट्झला उत्तर आलं सुमारे एक मिलिसेकंद. २ किलोहर्ट्झला तोडलेला लिंकविट्झ-रायली क्रॉसओव्हर पाव मिलिसेकंदाच्या जरासं वर जातो. लिपशिट्झ, पोकॉक आणि व्हँडरकॉय यांनी १९८२ साली दाखवलं की काही खास आवाजांवर, विशेषतः हेडफोनवर, फेजमधला बदल कळू शकतो. पण बारीक, आणि हे त्यांनीही मान्य केलं. रेडिओवाले तर कित्येक दशकं निवेदकाचा आवाज मुद्दाम ऑल-पासच्या रांगेतून काढतात. माणसाच्या आवाजाची लहर एका बाजूला जास्त उंच असते. फेज फिरवला की दोन्ही बाजू सारख्या होतात, शिखरं बसतात आणि तेवढ्याच जागेत जास्त आवाज मावतो. लहर बघाल तर ओळखू येणार नाही इतकी बदललेली. निवेदक मात्र तोच, घरातली आजीसुद्धा त्याला नावाने ओळखते.

लिनिअर-फेज कुठेच नको असं मी म्हणत नाही. एकाच ढोलाचे दोन माइक असतील आणि एकावरच इक्वलायझर लावायचा असेल तर जरूर वापरा, कारण तिथे भेट आहे. पण शेवटच्या तयार गाण्यावर, जिथे भेटायला दुसरं कुणी नाही, तिथे तो लावून ठोके पुसट करणाऱ्या माणसाने आणि सरळ रेघ बघून फिल्टर उडवणाऱ्या माझ्यासारख्याने एकाच बाकावर बसावं. दोघांनीही एकच प्रश्न विचारला नाही: हा आवाज पुढे कशात मिसळणार आहे?

कॉलेजांना हे शिकवायला परदेशी प्रयोगशाळा लागत नाही. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत टीएल-०७२च्या तीन चिप घ्या, १० किलोओहमचे रेझिस्टर आणि १० नॅनोफॅरडचे कपॅसिटर. चार टप्पे जोडा, मूळ आवाजाच्या वाटेत एक स्विच ठेवा. खाचा ६६० आणि ३,८४० हर्ट्झच्या आसपास पडतील. मोबाइलवरून कुठलंही गाणं सोडा आणि स्विच चालू-बंद करा. दहा मिनिटांचं काम. त्यानंतर वाटल्यास चार मार्कांचं ते सिद्ध करा येऊ दे पेपरात, माझी हरकत नाही.

माझ्या कोडमधला फिल्टर दुसऱ्याच दिवशी परत आला. आधीच्या माणसाने त्याच्यावर एकही ओळ लिहून ठेवली नव्हती, हा राग अजून आहेच. मी सहा ओळी लिहिल्या. टेस्टही बदलली. पट्टे आता सुटे मोजत नाही, तिन्ही जोडून मोजतो, आणि बेरीज कुठेही अर्ध्या डीबीहून जास्त हलली की बिल्ड लाल होतो. मागच्या महिन्यात एका नव्या पोराने तो ऑल-पास काढून पाहिला. लाल झाला. माझ्या डेस्कपाशी येऊन म्हणाला, "पण दादा, मी रिस्पॉन्स बघितला, तो तर काहीच करत नाही."

हेडफोन त्याच्या हातात दिले आणि आम्ही दोघं चहाचं विसरून अर्धा तास स्विच चालू-बंद करत बसलो.